या वेळी पहिलं पाणी तुमचं

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. सहा पानी, हातानं लिहिलेलं. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून त्यातलं थोडक्यात सांगते.

ताई ५७ वर्षांच्या. तीस वर्षं घरी मशीनवर ब्लाऊज शिवले, फॉल-पिको केलं. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, माळकरी. मुलगा आणि सून स्वित्झर्लंडला, झ्युरिकमध्ये नोकरीला. येत्या मे महिन्यात लग्नाला ३५ वर्षं होतात म्हणून मुलानं दोघांना बोलावून घेतलंय. त्यातला एक दिवस आणि एक रात्र त्यानं लॉयकरबाड नावाच्या डोंगरातल्या गावी, गरम पाण्याच्या कुंडांच्या मोठ्या हॉटेलात बुक केलीय. कुंडं, मसाज, जेवण, मुक्काम, सगळं त्यात.

ताई लिहितात, "एका दिवसाचे दोघांचे पाऊण लाख. कायला? तर पाण्यात बसायला. २०१६ ला मी रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होते. तेवढं पाणी बघून मला लाजच वाटंल. जाऊबाई म्हणाल्या, या वयात कसले चोचले. आमचे हे म्हणतात, तू जा पाण्यात, मी बाकड्यावर पिशवी धरून बसतो. मला आठ वर्षांपासून शुगर आहे, तळपायाला मुंग्या येतात. ह्यांना बीपीची गोळी आहे. पोराचं मन न मोडता नाही कसं म्हणावं, ते सांगा."

ताई, नाही कसं म्हणावं ते मी सांगणार नाही. तुम्ही जावं असं मला मनापासून वाटतं, आणि दोघांनीही पाण्यात उतरावं. पिशवी सांभाळायला तिथं कपाटं असतात, त्यांना कुलूपही असतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या पानावर, सुनेनं कसले कसले कपडे पाठवलेत ते लिहिता लिहिता, तुम्ही अर्ध्या ओळीत एक गोष्ट लिहून पुढं गेलात. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला एकदा पोटभर पाण्यात बसलेली बघायचंय." पुढं लगेच तुम्ही स्वेटरचा विषय काढलात. सगळ्या पत्रात मला ती अर्धी ओळ सगळ्यात मोठी वाटली.

२०१६ साली तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, सुट्टीला घरी आला होता आणि तुमच्यासोबत स्कूटीवर घागरी आणत होता, हेही तुम्हीच लिहिलंय. त्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. जलदूत म्हणायचे तिला. लातूरच्या बाहेरच्यांनी ती बातमी वाचली आणि पान उलटलं. तुमच्या मुलानं मात्र अंधारात आईला रांगेत उभी असलेली पाहिलं, आणि बाविसाव्या वर्षी पाहिलेलं ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. दहा वर्षं तो ते सोबत घेऊन फिरलाय. जिथं पाणी जमिनीतून आपणहून उसळतं असं ठिकाण त्याला सापडलं आणि पहिली त्याला आई आठवली. तुम्ही याला चैन म्हणता. तो एक जुनं देणं फेडतोय असं मला दिसतं. ते त्याला फेडू द्या, ताई.

आता त्या पाण्याबद्दल, कारण तुमच्या मनातली टोचणी खरी आहे आणि ती मला झटकून टाकायची नाही. लॉयकरबाडला रोज सुमारे ३९ लाख लिटर गरम पाणी जमिनीतून वर येतं. म्हणजे आपली पन्नास वाघिणींची एक अख्खी रेल्वे आणि वर अर्धी, रोज, बारा महिने. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्याही पोटात कालवलं. पण ते पाणी येतं कुठून, ते बघा. वरच्या डोंगरांवरचा पाऊस आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल मुरतं. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि वर्षानुवर्षांनी गावात झऱ्यांतून परत वर येतं. सगळ्यात गरम झरा ५१ अंशांचा. कुंडात कुणी बसो न बसो, ते यायचं थांबत नाही. वापरून झालं की डाला नदीला मिळतं, तिथून ऱ्होन नदीला. तिथं कुणाच्या घागरीतलं पाणी काढून तुमच्या कुंडात ओतत नाहीत. तुम्ही इथं बसून राहिलात म्हणून त्यातला एक लिटरसुद्धा लातूरला येणार नाही.

तरीही टोचलंच, तर त्यावर एक काम सांगते. तुमच्या घराचं छत साधारण हजार चौरस फुटांचं, असं धरा. लातूरचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. त्या हिशेबानं तुमच्या एका छतावर साधारण वर्षी सत्तर हजार लिटरच्या वर पाणी पडतं आणि गटारीनं निघून जातं. पन्हाळी लावा, गाळणीचा खड्डा करा, बोअरला पुनर्भरण करून घ्या. पावसाळ्याआधी होईल. मुलाला म्हणा, तुझं बक्षीस घेते, पण हेही करून दे. तो हसत करून देईल. मात्र सहल रद्द करून हे करू नका. दोन्ही करा.

एक विचारते, राग मानू नका. शेवटचं तुम्हाला कुणी तेल कधी लावलं होतं?

मी अंबाजोगाईची. आमच्याकडं नरक चतुर्दशीला आई पहाटे साडेतीनला उठायची. परसात तांब्याचा बंब पेटवायची, गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जायचा. वडील, काका, आम्ही भावंडं, एकेकाला पाटावर बसवायची. कोमट तिळाचं तेल टाळूवर थापायची, पाठ रगडायची, उटणं लावायची, तांब्यानं पाणी घालायची. आम्ही नवे कपडे घालून फुलबाज्या लावायला पळायचो. सगळ्यांचं झालं की बंबातलं पाणी संपत आलेलं असायचं आणि विस्तवही विझलेला असायचा. त्या उरलेल्या पाण्यात तिचं स्नान पाच मिनिटांत व्हायचं, कारण चकलीचं तेल तापवायचं असायचं. तिच्या पाठीला तेल कुणी लावलं, हा प्रश्न मला वयाच्या चाळिशीपर्यंत पडला नाही. पडला तेव्हा आई नव्हती.

अंग चोळून घेणं, गरम पाण्यात बसणं, नंतर निवांत पडून राहणं, हे काही परक्यांचं नाही, ताई. आपल्या घरात ते सगळं आहे, फक्त बाईच्या वाट्याला येत नाही. त्या हॉटेलात एक बाई तुमच्या पाठीला तेल लावील. ते तिचं काम आहे, त्याचे तिला पैसे मिळतात, आणि तुम्ही लगेच उठून तिच्यासाठी चहा टाकायची गरज नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्यासारख्या बायका मसाजच्या टेबलावरसुद्धा "तुम्ही दमलात का?" असं विचारतात. मी विचारलं होतं.

आणि उपचाराच्या गरम पाण्यासाठी मराठवाड्यातल्या माणसानं लाजायचं तर मुळीच कारण नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून तिथं गरम पाणी काढलं, अशी कथा सांगतात. गंधकाचं पाणी आहे, त्वचेच्या दुखण्यासाठी लोक लांबून येतात. माझ्या आजीला दोन्ही पायांना इसब होता. मी नऊ वर्षांची असताना तिच्यासोबत तिथं गेले होते. आजी पायरीवर बसली, नऊवारीचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतला, आधी एका पायाचा अंगठा बुडवून बघितला, मग दोन्ही पाय सोडले. आणि तिचा चेहरा बदलला. कायम आवळलेला जबडा सैल पडला, डोळे मिटले. पंधरा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. आमची आजी पंधरा मिनिटं गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली. इसब गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण घरी येताना एसटीत ती गाणं म्हणत होती.

तुमचं लॉयकरबाड म्हणजे उनकेश्वरच, फक्त बर्फाच्या डोंगरात आणि टॉवेल धुतलेले.

आता सरांकडं येऊ. ते हट्टी आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर शाळेत इस्त्रीचा पांढरा सदरा सोडून दुसरं काही घातलं नाही, त्याला चारचौघांत उघड्या अंगानं पाण्यात उतर म्हणणं सोपं नाही, आणि ते बायकोसमोर कबूल करणं त्याहून अवघड. दुसरं, त्यांना पोहता येतं का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांना येत नाही, आणि ते सांगत नाहीत. तर एकदा जेवणानंतर, टीव्ही बंद करून, साधं विचारा, "तुम्हाला भीती वाटते का पाण्याची?" भांडणाच्या सुरात नको. आणि सांगा की ही कुंडं पोहण्यासाठी नसतातच. बहुतेकांत उभं राहिलं की पाणी छातीपर्यंत येतं, कडेला धरायला दांडी असते, पाण्यातच बसायला बाक असतात. ते म्हणतात ना, बाकड्यावर बसतो? बसू द्या की, पाण्यातल्या बाकड्यावर.

कपड्यांचं मात्र नीट समजून घ्या, इथंच लोक फसतात. कुंडात पोहण्याचे कपडे सक्तीचे असतात. सुती चालत नाही, म्हणजे गाऊन, पंजाबी ड्रेस, बनियन, बर्म्युडा, काहीही नाही. सुती कापड पाणी धरतं, धागे सोडतं, म्हणून ही अट. पण उघडं-वाघडं राहावं अशी अट नाही. गुडघ्याच्या खालपर्यंतची आणि पूर्ण बाह्यांची, पोहण्याच्या कापडाची जोडी आपल्याकडं खेळाच्या दुकानांत मिळते. बाह्या आणि पाय झाकलेले चालतात का, हे मुलानं हॉटेलला आधी ईमेल करून लेखी विचारून घ्यावं, कारण प्रत्येक ठिकाणचा नियम थोडा वेगळा असतो. सरांसाठी मांडीपर्यंतची घट्ट पोहण्याची चड्डी. ती सैल बर्म्युडा बॅगेत टाकूच नका. तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाचे कपडे बेतलेत, स्वतःच्या कपड्यांचं माप पुण्याहून मागवून चुकवू नका. घालून बघा, खाली वाकून बघा, हात वर करून बघा, आणि घरी एकदा बादलीभर पाणी अंगावर घेऊन बघा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलणाऱ्या भागात सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम हवेच्या आणि वाफेच्या खोल्या, बहुतेक ठिकाणी बायका-पुरुषांच्या एकत्र असतात आणि तिथं कपडे काढूनच जायची रीत आहे. त्यांच्याकडं ते स्वच्छतेचं मानतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि कुणी कुणाकडं बघत नाही. पण नकळत दार उघडलंत तर तुमचा आणि सरांचा तो दिवस तिथंच संपेल. दारावर 'टेक्स्टिलफ्राय' असा शब्द असतो, म्हणजे कपड्यांविना. सुनेकडून तो शब्द कागदावर लिहून घ्या आणि तसं दार दिसलं की पुढं चला. बुकिंगमध्ये 'रोमन-आयरिश बाथ' असं काही असेल तर मुलाला ते काढायला सांगा, तेही बहुधा याच प्रकारातलं असतं. मसाजसाठी बाईच हवी, असं बुकिंगच्या वेळीच सांगायचं. आतले कपडे ठेवता येतात, वर चादर असते, आणि नुसती पाठ आणि पाय एवढंच करा म्हटलं तर तेवढंच करतात. मंगळसूत्र काढायला सांगतील, ते खोलीतल्या तिजोरीत ठेवून मगच जा. सरांची तुळशीची माळ असू द्या. मानेला हात लावू नका, एवढं त्यांनी आधी सांगितलं की झालं.

आणि एक गंमत सांगते, जाऊबाईंनाही सांगा. याच लॉयकरबाडला दीड-दोनशे वर्षांपूर्वी बायका-पुरुष पायघोळ झगे घालून एकाच मोठ्या हौदात गळ्यापर्यंत तासन् तास बसायचे. समोर पाण्यावर तरंगणारे लाकडी पाट, त्यावर कॉफी, कुणाचा बुद्धिबळाचा डाव. त्यांचीही लग्नं झालेली होती, वयं झालेली होती, आणि तेही दुखणारे गुडघे घेऊनच आले होते. जाऊबाईंबद्दल मी यापेक्षा जास्त लिहीत नाही. त्यांनाही कधीतरी कुणी न्यायला हवं होतं, एवढंच मला त्यांच्या बोलण्यात ऐकू आलं.

आता तब्येत. इथं मी घाईनं लिहिणार नाही आणि तुम्हीही घाईनं वाचू नका. जायच्या महिनाभर आधी दोघंही आपल्या डॉक्टरांकडं जा आणि "गरम पाण्याच्या कुंडात बसणार आहोत" हे स्पष्ट सांगा. नुसतं "परदेशी चाललोय" म्हणू नका.

गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी खाली येतं. त्यात सरांची गोळीही बीपी खालीच आणते. पाण्यात असताना बरं वाटतं, घात होतो तो झटकन उठून बाहेर येताना. डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस ओल्या फरशीवर पडतो. म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी पायरीवर एक-दोन मिनिटं बसायचं, मग दांडी धरून सावकाश उठायचं. बाहेर आलं की टॉवेल गुंडाळून अर्धा तास आडवं व्हायचं, त्यासाठी तिथं खुर्च्या असतातच. पाण्यात घाम येतो पण कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर पेलाभर पाणी प्यायचं. काही लोक गरम कुंडातून थेट बर्फासारख्या पाण्यात उडी मारतात. सरांना ते करू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

तुमचं वेगळं आहे. तळपायाला मुंग्या येतात म्हणजे नसांवर परिणाम झालेला असू शकतो, आणि अशा पायाला चटका कळत नाही. पाणी किती गरम आहे हे पायानं बघू नका, कोपरानं बघा. कुंडाबाहेरच्या पाटीवर अंश लिहिलेले असतात. ३५-३६ चं कुंड तुमच्यासाठी पुरे, ४० च्या पुढचं नको. सगळीकडं रबरी चप्पल, अनवाणी एक पाऊलही नाही. रात्री सर तुमचे दोन्ही तळवे उजेडात बघतील, बोटांच्या बेचक्यांसकट. कुठं लाल झालंय का, सालटं निघालंय का. हे काम त्यांनाच द्या. पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, पाऊण लाख गेले तरी.

साखर घटण्याकडंही लक्ष ठेवा. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांच्या अंगात गरम पाण्यानं ते लवकर शोषलं जातं. तुमच्या गोळ्या कोणत्या ते डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी कुंडात जाऊ नका आणि भरपेट जेवून लगेचही नाही. कुंडातून आल्यावर अंगावर घ्यायच्या टॉवेलच्या झग्याच्या खिशात साखरेच्या पुड्या आणि चार बिस्किटं असू द्या. हातपाय थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं की आधी साखर तोंडात. दोघांपैकी एकानंही एकट्यानं पाण्यात राहायचं नाही. सरांनी पाण्यात उतरावं असं मी इतकं का म्हणते, त्याचं हेही एक कारण आहे.

उंचीची भीती बाळगू नका. लॉयकरबाड १४११ मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वराहून थोडंच उंच. झ्युरिकहून रेल्वेनं दोन तासांत फिस्प, वाटेत ३४ किलोमीटरचा बोगदा लागतो. पुढं छोट्या गाडीनं लॉइक आणि तिथून बसनं अर्ध्या तासाचा घाट. घाट लागत असेल तर बसमध्ये पुढं बसा. गावातून पाळण्याच्या गाडीनं, म्हणजे रोपवेनं, २३०० मीटरच्या वर गेमी खिंडीत जाता येतं, पण त्याच दिवशी ते नको. एका दिवसात सगळं उरकायची आपली सवय आहे, सकाळी औंढा नागनाथ आणि संध्याकाळी परळी. इथं ती सोडा. आणि मे महिना म्हणजे तिकडं हिवाळ्याचा हंगाम संपून उन्हाळ्याचा सुरू व्हायच्या मधला काळ. या दिवसांत काही ठिकाणं डागडुजीला बंद ठेवतात. तुमच्या तारखेला कुठली कुंडं उघडी आहेत हे मुलानं विचारून घ्यावं. बंद असली तर जूनमध्ये जा, लग्नाचा वाढदिवस पंधरा दिवस मागंपुढं झाल्यानं काही बिघडत नाही.

व्हिसाचं मुलाला माहीत असेलच. तुमच्यापुरतं एवढं, की सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी माणशी ९० युरो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासी विमा लागतो. विम्याच्या फॉर्मवर शुगर आणि बीपी लपवू नका. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

जेवणात शाकाहारी भरपूर मिळतं. पण सर माळकरी आहेत म्हणून एक सांगते, जे सहसा कुणी सांगत नाही. त्या भागातलं प्रसिद्ध राक्लेट चीज आणि तिथली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर ती ताटात येतील. त्यांना चालणार नसेल तर "रेनेट नको" हे सुनेकडून जर्मनमध्ये लिहून घ्या. बटाट्याची रोश्टी उत्तम, पण 'स्पेक' घातलेली नाही ना विचारा, ते डुकराचं मांस असतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, अवश्य न्या. पण त्या दिवशी दुपारी सूप आणि ब्रेड दोघांनी समोरासमोर बसून खा. डबा उघडलात की तुम्ही वाढायला लागाल.

एक शेवटचं, तुमच्या पत्रात न विचारलेलं. ३५ वर्षांत तुम्ही दोघं, कुणाचं लग्न नाही, दवाखाना नाही, वारी नाही, असा एक अख्खा दिवस नुसते एकत्र बसला आहात का? मला शंका आहे. मग तिथं गेल्यावर पहिल्या तासातच सरांना मोबाईल आठवेल आणि तुम्हाला सुनेच्या घरचा ओटा. म्हणून आत्तापासून सवय करा. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीनंतर, मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घ्या, कोपरानं बघा. अंगणात दोन खुर्च्या समोरासमोर. चारही पाय त्याच घमेल्यात, दहा मिनिटं. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा. नंतर टॉवेलनं बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचं काम सरांचं.

आणि मे यायला वेळ आहे, त्याआधी दिवाळी येतेय. नरक चतुर्दशीला बंब पेटवा, गीझर असेल तर गीझर लावा, पण पाटावर आधी तुम्ही बसा. तेलाची वाटी सरांच्या हातात द्या. त्यांना जमणार नाही, तेल फार घेतील, ओघळ डोळ्यात जाईल. जाऊ द्या. पहिलं पाणी तुमच्या अंगावर पडू द्या आणि तेवढा एक फोटो शेजारच्या पोरीकडून काढून झ्युरिकला पाठवा.